चतुराबाईचं कार्ड

चाकणकडच्या निघोज्याच्या वरच्या अंगाला, जिथं गावाची शेतं संपतात आणि कंपन्यांच्या भिंती उभ्या राहतात, तिथं अर्जुनरावांच्या चाळीच्या टोकाला सोजराबाईची खानावळ आहे. पाटी नाही. पाटीची कधी गरजच पडली नाही. पहिली शिफ्ट सुटली की गल्लीत फोडणीचा वास उभा राहतो आणि पोरं त्या वासाचं बोट धरून येतात. हिंगोलीची, वाशिमची, बीडची, सांगलीची पोरं. गळ्यात कंपनीचा बिल्ला, पायात लोखंडी टोकाचे बूट, पोटात सकाळचा एक वडापाव. बूट दाराबाहेर निघतात आणि आत पंगत बसते.

सोजराबाई सेनगाव तालुक्यातली. नवऱ्याच्या मागं मागं इकडं आली त्याला बारा वर्षं झाली. नवरा कुंडलिक एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली होता. पाच वर्षांखाली तो गेला. जाताना त्याचं पोट घागरीसारखं फुगलं होतं, हातपाय काड्यांसारखे झाले होते आणि डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. लोक म्हणाले, दारू. कुंडलिकनं उभ्या जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. पण माणूस पोट फुगून गेला की लोकांना दुसरं काही सुचत नाही, आणि बायको नाही म्हणाली तर लोक तिची कीव करतात. सोजराबाईनं मग नाही म्हणणंच सोडून दिलं. चूल पेटवली आणि दुसऱ्यांची पोरं जेवू घालायला लागली.

तिला अभिमान दोनच गोष्टींचा. एक तिच्या हातच्या वरणाचा, आणि दुसरा तिच्या पेटीचा. चाळीतल्या खोल्या पत्र्याच्या. कुणाच्या छपरातून पाणी गळतं, कुणाच्या दाराला कडी नाही, कुणाचा नवरा हाताला लागेल ते विकून येतो. म्हणून बायका आपले कागद सोजराबाईच्या पेटीत आणून ठेवत. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, एखादीचे सोन्याचे मणी. पावती नाही, सही नाही. 'सोजराबाईकडं ठेवलंय' एवढं म्हटलं की विषय संपला. ती स्वतः त्या पेटीला पाय लागला तरी हात जोडायची.

त्या पेटीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत चतुराबाईचं आधार होतं. चतुराबाई तिच्याकडं चपात्या लाटायची. जालन्याकडची, सोजराबाईच्याच वयाची, तशीच ठेंगणी, तशीच सावळी. दोघींचा वरचा एकच दात पडलेला. नवीन पोरगं आलं की विचारायचं, "तुम्ही बहिणी का?" मग चतुराबाई म्हणायची, "सवती हाओत रे बाबा, ह्या चुलीच्या." आणि दोघी तो पडका दात दाखवत हसायच्या.

चौदा एप्रिलला पलीकडच्या गल्लीतल्या पोरांनी जयंतीचं रक्तदान शिबिर ठेवलं. त्यांच्यातला धम्मरत्न खानावळीत जेवायला यायचा. म्हणाला, "मावशी, रोज जेवू घालता, आज रक्त द्या."

सांगलीचा रणजीत पंगतीतून ओरडला, "नको रे बाबा! मावशीचं रक्त ज्याला चढंल त्याला दुसऱ्या दिवसापासून ठेचा लागंल."

सगळे हसले. सोजराबाई पदर खोचून गेली, रक्त देऊन आली, आणि मिळालेलं प्रमाणपत्र तिनं देवाच्या फळीवर ठेवलं.

तीन आठवड्यांनी फोन आला. रक्तपेढीतून एक बाई बोलत होती. "एकदा भेटून जा. नाही, फोनवर नाही सांगता येणार."

चिंचवडला एका छोट्या खोलीत एका माणसानं आधी दार लावलं आणि मग बोलायला सुरुवात केली. तो म्हणाला, रक्तात हिपॅटायटिस बी सापडलाय. तिला कळलं नाही. मग तो म्हणाला, "लोक पांढरी कावीळ म्हणतात ना, ती."

"माझे डोळे तर पांढरेच हायेत."

"म्हणून तर पांढरी म्हणतात, मावशी. डोळ्यांत दिसत नाही. आत लिव्हर खाते. हात लावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. रक्तातून होते, नवराबायकोच्या संबंधातून होते, आईकडून बाळाला होते. घाबरू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे. ही चिठ्ठी घेऊन जा."

त्यानं चांगलं समजावलं होतं. पण सोजराबाईला बाकी काही ऐकू आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं कुंडलिकचं पोट उभं राहिलं होतं.

आणि त्याच्या मागं दुर्गाबाई. मागच्या वर्षी कुरुळीकडच्या एका चाळीत गटाराचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं आणि दहा-बारा पोरांना कावीळ झाली. ती पाण्याची कावीळ, वेगळी. पण तिथं दुर्गाबाईची खानावळ होती, आणि आठ दिवसांत तिच्या दारापुढं एकही बूट दिसेना. दुर्गाबाईनं भांडी विकली आणि गावाला गेली. कावीळ हा शब्द एकदा पडला की कुठली ते कुणी विचारत नाही. आणि ही तर स्वयंपाक करणारीच्या रक्तात.

चिठ्ठी तिनं चोळीत ठेवली. घरी आल्यावर मिठाच्या डब्याखाली. मग तिथंही भरवसा वाटेना म्हणून चुलीत घातली.

पहिल्यांदा ती चाकणच्या पुढं एका म्हाताऱ्याकडं गेली. तो काविळीचे हात धुऊन देतो. तळहाताला चुना लावायचा, वर पाण्याची धार धरायची. कावीळ असली तर पाणी पिवळं उतरतं. सोजराबाईचं पाणी पांढरं उतरलं. म्हातारा म्हणाला, "बाई, तुला काय बी न्हाई. जा घरी." ती पंधरा दिवस सुखात होती. पंधरा दिवस तिनं पोरांना लिंबाचं लोणचं जास्तीचं वाढलं.

मग एके दुपारी भाताची पेज गाळताना तिच्या लक्षात आलं की लुगड्याची गाठ रोजच्यापेक्षा घट्ट बसलीय. खरंच बसली होती की मनानं बसली होती, कोण जाणे. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पोटावर ठेवून उभी राहिली. रणजीत भात मागत होता. तिला ऐकू येत नव्हतं.

पिंपरीकडच्या त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीपुढं भली मोठी रांग असते. आधार दाखवायचं, पेपर काढायचा. मग आत बाकावर बसायचं. शिपाई येतो आणि नाव पुकारतो. नाव, मागोमाग विभाग. मोठ्यानं, कारण गर्दी मोठी. सोजराबाई रांगेत उभी होती तेवढ्यात मागून आवाज आला, "मावशी! तुम्ही इथं?" अर्जुनरावांची सून स्वरूपा. पोराला डोस द्यायला आली होती.

"गुडघा गं," सोजराबाई म्हणाली. "गुडघा धरलाय." आणि गुडघा धरून रांगेतून बाहेर पडली. फाटकापर्यंत ती लंगडत गेली, स्वरूपाला दिसत होती तोवर.

आठ दिवसांनी तिनं पेटी उघडली. आपलं कार्ड वर होतं. चतुराबाईचं त्याच्या खाली. तिनं आपलं बाजूला सारलं. मनाशी म्हणाली, एकदाच, पेपर काढण्यापुरतं. फोटोतली चतुराबाई तिच्याकडं बघत होती, पडक्या दाताचं तोंड मिटून. सोजराबाईनं कार्ड उलटं केलं आणि पिशवीत टाकलं.

तोंडाला मास्क लावला. कोरोनापासून मास्कवाल्या बाईकडं कुणी दोनदा बघत नाही. फोन नंबर विचारला, तर फोन नाही म्हणाली. खानावळीतला तिचा फोन भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला असायचा, पोरं त्यावर गाणी लावायची. दवाखान्याचा मेसेज त्यावर यायला नको होता.

"चतुराबाई श्रीपत डोंगरे?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"हो."

तो हो इतका सहज निघाला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

आत तेजस्विनी नावाची मुलगी बसायची. पेशंटशी बोलणं, समजावणं हे तिचं काम. हळू आवाजात बोलायची, दार लोटून घ्यायची. तिनं विचारलं, "मालक काय करतात?"

चतुराबाईचा नवरा जिवंत होता. "कंपनीत वॉचमन आहेत," सोजराबाई म्हणाली.

"त्यांना एकदा तपासायला आणा. मुलं?"

"एक मुलगी. नेहा."

"तिलाही आणा. बरं, घरात कुणी पोट फुगून, कावीळ होऊन गेलंय का? नीट आठवून सांगा. हे फार महत्त्वाचं आहे."

सोजराबाईच्या ओठांवर कुंडलिक आला. पाच वर्षं ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न कुणीतरी आज विचारला होता, आणि तोही एका शिकल्यासवरल्या पोरीनं, दारूचं नाव न घेता. पण ती आत्ता चतुराबाई होती. चतुराबाईच्या घरात असं कुणी गेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही."

बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आपण कुंडलिकला आज दुसऱ्यांदा जाळून आलो.

तपासण्या झाल्या. लिव्हरला सूज होती. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि बजावलं, "चतुराबाई, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. बंद केली तर उलटेल." ती गोळी तिनं ओव्याच्या बरणीत लपवली. रोज सकाळी कणीक मळायच्या आधी, चतुराबाई यायच्या आत, ओवा खाल्ल्यासारखी गोळी घ्यायची. दर महिन्याला गुडघा दाखवायला जायची. असे सात महिने गेले. अंगातला शीण उतरला. लुगड्याची गाठ सैल झाली. कार्ड दर वेळी ती पिशवीतून काढून पुन्हा जागच्या जागी ठेवायची. एकदा मात्र नेहमी करायची तसे पेटीला हात जोडायला गेली आणि हात अर्ध्यावर थांबले.

मग चतुराबाई म्हणाली, "अक्का, माझं कार्ड काढून ठेव बरं. पिशवीचं आपरेशन करायचंय."

तिला दोन वर्षं अंगावरून फार जायचं. चार दिवसांचे पंधरा दिवस व्हायचे. तोंड पांढरंफटक पडलं होतं. गर्भपिशवीच काढा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"कुठं करतीस?" सोजराबाईनं विचारलं.

"कुठं म्हणजे? पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात."

"तिथं लई गर्दी असती. खाजगीत कर की."

चतुराबाई हसली. "मी काय आमदाराची सासू हाये का गं?"

सोजराबाईनं पेटी उघडली. कार्ड काढलं. पदरानं पुसलं, जणू त्यावर तिच्या बोटांचे ठसे दिसत होते. दिलं. सांगायची वेळ होती ती तीच. पेटीचं झाकण उघडं, समोर चतुराबाई, घरात दुसरं कुणी नाही. सोजराबाईनं झाकण लावलं आणि विचारलं, "सोबत कोण येणार?"

चौथ्या दिवशी चतुराबाई कपड्यांची पिशवी घेऊन परत आली. आपरेशन झालं नव्हतं. मागं नेहा, डोळे सुजलेले.

"मला पांढरी कावीळ हाये म्हणतेत, अक्का." ती उंबऱ्यावरच बसली. "कार्ड दाखवलं तर कंपूटरवर निघालं. सात महिन्यांपासून मी तिथं गोळ्या खाते म्हणं! मी म्हणलं, मी तर हितं पहिल्यांदा आले. कुणी ऐकंना. वॉर्डातली बाई ओरडून बोलली, हिला कडंच्या खाटंवर घ्या. सगळ्या बाया बघायल्या माझ्याकडं. रगत तपासलं तर त्यात काही नाही निघालं. एक कागद हो म्हणतो, एक नाही म्हणतो. आता म्हणतेत, महिन्यानं परत ये, मग बघू."

त्याच वॉर्डात गावातली एक बाई बाळंतपणाला होती. तिनं गावात फोन केला. दिवस मावळायच्या आत गल्लीला कळलं.

अर्जुनराव स्वतः आले. दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "सोजराबाई, चपात्या कोन लाटतंय तुमच्याकडं?"

"चतुराबाई."

"आता न्हाई लाटायच्या तिनं. आमी जागा भाड्यानं दिली ती जेवनासाठी, आजार वाटायसाठी न्हाई. व्हय का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी पंगतीत कुणी चपातीला हात लावला नाही, आणि त्या तर सोजराबाईनं स्वतः लाटल्या होत्या. रणजीतनं ताट पुढं सरकवलं. त्या दिवशी त्याच्या तोंडी थट्टा नव्हती. "मावशी, राग मानू नका. पण चतुरामावशीला थोडे दिवस घरी बसवा. आम्हाला पण कंपनीत मेडिकल असतंय. एकदा नावावर शिक्का पडला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटवर थांबवतोय." कोपऱ्यात अजिंक्य बसला होता. वाशिमचा, पेंट शॉपमधला, महिन्यात चार शब्द बोलणारा. त्यानं तोंडातला घास चावला नाही आणि गिळलाही नाही. तसाच उठून बाहेर गेला.

सोजराबाई वाढत राहिली. सगळे भीत होते चतुराबाईच्या हाताला, आणि जिच्या रक्तात ती कावीळ होती त्या सोजराबाईच्या हातचं वरण मात्र जेवत होते. तिला हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

चतुराबाई घरी बसली. म्हणजे नवऱ्यानं बसवली. तिचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला. नेहाला बघायला भोसरीहून पाहुणे यायचे होते. त्यांचा फोन आला की एवढ्यात जमत नाही. तरी चतुराबाई रोज दुपारी खानावळीच्या पायरीवर येऊन बसायची. आत यायची नाही. "भांडी घासू का?" विचारायची आणि उत्तराआधीच म्हणायची, "राहू दे, राहू दे."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अक्का, तीन वर्षं पोरं माझ्या हातचं खातेत. मी त्यांना काही केलं असंल का गं? लेकरं हायेत ती कुणाची तरी."

सोजराबाई भाजी निवडत होती.

"आन् माझं बी पोट तसं फुगंल का? तुझ्या मालकासारखं?"

सोजराबाई उठून आत गेली. पाण्याच्या पिंपाशी उभी राहिली. सांगितलं तर काय जाईल ते ती सगळं मोजून बसली होती. आधी पोरं जातील, मग जागा, मग गोळ्या. कार्ड चोरून औषध घेतलं म्हणून पोलीस येतील. आणि नाही सांगितलं तर? महिन्यानं दवाखाना पुन्हा तपासेल, पुन्हा नाही निघेल, आपोआप सुटेल सगळं. एक महिना. एक महिनाच तर गप्प बसायचं.

पाचव्या दिवशी सकाळी चतुराबाई सार्वजनिक नळावर पडली. हंडा एकीकडं, ती एकीकडं. पायाखालचं पाणी लाल झालं होतं. नळावर सात-आठ बायका होत्या. एकही पुढं झाली नाही. रक्त होतं ना. रक्तातूनच होते म्हणतात.

सोजराबाई धावली. तिनं चतुराबाईचं डोकं मांडीवर घेतलं. ती हलकी लागली, भुश्शाच्या पोत्यासारखी. आणि सोजराबाईला दिसलं की ही बाई महिना काढणार नाही.

तिला खानावळीत आणून निजवलं, गूळपाणी पाजलं. नेहा कामावर गेली होती. दार लोटलं. मग सोजराबाई पेटीवर बसली, जिच्यावर ती कधी बसत नसे.

"चतुरा, ते मी हाये."

"काय?"

"कंपूटरमधली चतुराबाई. ती मी हाये. तुझं कार्ड नेलं मी. पांढरी कावीळ मला हाये."

चतुराबाईनं तोंड भिंतीकडं केलं. रडली नाही, ओरडली नाही. सोजराबाईला वाटलं, हिनं एक थोबाडीत दिली असती तर श्वास घेता आला असता.

"माझ्या नावानं गोळ्या खातीस व्हय गं?" शेवटी ती म्हणाली, अगदी हळू. "कार्ड तुझ्यापाशी कामून ठेवलं होतं मी? नवऱ्यापासून वाचावं म्हणून. तो बिचारा दारूला विकील म्हणून. त्यानं तर काही केलं नाही."

"मी तुझ्या पाया..."

"पाया नको धरू. ऊठ. चल. माझं नाव मला आणून दे."

कुरुळी फाट्यावरून बस धरली. दोघी एका बाकावर बसल्या, मध्ये चतुराबाईची पिशवी. खिडकीबाहेर कंपन्यांची फाटकं जात होती आणि प्रत्येक फाटकाशी बिल्लेवाल्या पोरांची रांग. सोजराबाईला वाटत होतं, सगळी आपल्याकडंच बघतायत.

तेजस्विनीनं दोघींना दारात बघितलं. एकीकडून दुसरीकडं नजर फिरवली आणि तिच्या लक्षात आलं. हळू बोलणारी ती पोरगी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली.

"तुम्हाला कळतंय का मावशी, काय केलंत? ह्यांना टेबलावर घेतलं असतं, तुमचे रिपोर्ट ह्यांचे समजून औषधं दिली असती! आणि ह्यांचं आपरेशन लांबलं ते वेगळंच. नुसतं येऊन सांगितलं असतंत, नाव पुकारू नका, तर मी स्वतः बाहेर येऊन घेऊन गेले असते तुम्हाला."

"असं करता येतं?" सोजराबाईनं विचारलं.

तेजस्विनीनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "येतं. बाहेर कुठं लिहिलेलं नाही, ते खरं."

ऑफिसातला कारकून चष्म्यावरून बघून म्हणाला, हा गुन्हा आहे, पोलिसांत देता येतं. तेजस्विनी आत साहेबांशी बोलून आली. अर्ज लिहायचा ठरला. तिनं लिहिला, सोजराबाईनं सही केली. सहीत दोनदा चुकली. मग तिच्या स्वतःच्या नावाचा नवा पेपर काढायचा म्हणून पुन्हा खिडकी, पुन्हा रांग. त्या दिवशी सोजराबाईनं नाव पुकारू नका असं सांगितलं नाही. चतुराबाई बाजूला बसली होती. तिचं नाव त्या वॉर्डात सगळ्यांदेखत पुकारलं गेलं होतं.

"सोजराबाई कुंडलिक खिल्लारे! कावीळ विभाग!"

बाकावरच्या दहा माना वळल्या. ती उठली. आत जाऊन खुर्चीत बसली आणि तेजस्विनीनं काही विचारायच्या आधी म्हणाली, "घरात पोट फुगून गेलंय एक माणूस. माझा नवरा. दारू पीत नव्हता. लिहा."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली तेव्हा तिनं वाढायच्या आधी सांगितलं. उभ्यानं, दाराला टेकून. कुणाला आहे, किती दिवसांपासून आहे, चतुराबाईला नाही, जेवणातून होत नाही. शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

रणजीत उठला. "मावशी, आधी सांगायचं होतं राव."

"आधी सांगितलं असतं तर तू आधी गेला असतास."

त्याला ते लागलं. तो थांबला. पण गेलाच. त्याच्यामागं एकेक करून बूट दारातून उचलले गेले. तिघं बसून राहिले. त्यांना दुसरीकडं उधारी मिळत नव्हती म्हणून की आणखी कशानं, तिनं विचारलं नाही. वाढलं.

संध्याकाळी बायका आल्या. एकीला गॅसच्या कामाला कार्ड पाहिजे होतं, दुसरीला शाळेत दाखवायला. तिसरीनं कारणच सांगितलं नाही. सोजराबाई पेटी उघडून जिचं तिला देत गेली. पोरं गेली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. बायकांच्या वेळी राहिले नाहीत.

चतुराबाईचं आपरेशन पंधरवड्यात झालं, नीट झालं. सोजराबाई दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली होती, नेहा बाहेर येऊन म्हणाली, "आई म्हणाली, आत येऊ नका." महिन्यानं चतुराबाई चिखलीत दुसऱ्या खानावळीत चपात्या लाटायला लागली. तिनं निरोप पाठवला की माझं लाटणं तिकडं राहिलंय, ते पाठव. सोजराबाईनं धुऊन, कपड्यात बांधून पाठवलं. जागेचं अर्जुनरावांनी अजून काही म्हटलेलं नाही. रोज सकाळी दारावरून जातात, बघतात, पुढं जातात. ते थांबले की तिचे हात कणकेत थांबतात.

गोळी आता ओव्याच्या बरणीत नसते. फळीवर असते. आठ-नऊ पोरं जेवायला येतात. धम्मरत्न दोन नवीन घेऊन आला होता. त्यांतला एक टिकला.

परवा दुपारी पंगत उठल्यावर अजिंक्य आला. त्या दिवसापासून तो फिरकला नव्हता. दारात उभा राहिला, बूट न काढता. सोजराबाईला वाटलं, मागची बाकी द्यायला आला असंल.

"जेवतोस का? भाकरी हाये, पिठलं हाये."

त्यानं मान हलवली. गल्लीत दोन्हीकडं बघितलं. खिशातून घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद काढला, उघडला नाही, पुन्हा खिशात ठेवला. कंपनीच्या मेडिकलचा कागद असावा. पर्मनंट करायच्या आधी करतात त्या तपासणीचा.

"मावशी," तो म्हणाला, "तिकडं त्या दवाखान्यात... नाव पुकारतात का?"

सोजराबाईनं हात पुसले. त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. वीस-बावीस वर्षांचा चेहरा, आणि त्यावर तिला तिचीच ती पहिली रांग दिसली. खोटं सांगून त्याला तिथं नेता आलं असतं.

"पुकारतात," ती म्हणाली. "मोठ्यानं पुकारतात. तेजस्विनी म्हणून हाये तिथं, तिला आधी सांगितलं तर ती स्वतः बाहेर येती. पण शिपाई नवा असला तर पुकारतो."

तो उभाच राहिला. जिना उतरायचा की चढायचा ते ठरत नसलेल्या माणसासारखा.

"सुट्टी कधी हाये तुला?"

"गुरुवारी."

"मग गुरुवारी सकाळी फाट्यावर थांब," सोजराबाई म्हणाली. "तुझं स्वतःचं कार्ड घेऊन ये."